विहीणबाईंचा क्लोजअप

...नाय, पण मला एक सांगा, पांढरी साडी म्हंजे भूत, हे ठरवलं कोणी? मीटिंग झालीवती का? आमाला तर नाय बोलावलं! आमच्यात लग्नाला पांढरी, चौदा एप्रिलला पांढरी, बुद्धपौर्णिमेला पांढरी, कपाटात वेगळ्या कप्प्यात इस्त्री मारून, डांबरगोळ्या टाकून जपतो आमी ती साडी, डाग पडेल म्हणून नातेवाइकाचं पोर मांडीवर घेत नाय, आणि हे पिक्चरवाले बसलेत तीच साडी भुताला नेसवून! बरं, नेसवली ती नेसवली, वर चिखलात लोळवतात, फाडतात, लाल रंग ओततात... अरे, धुवायला कोण तुझी आत्या येणार?

थांबा, मी कोण ते तरी सांगते. मी तानी. शहापूर डेपोला कंडक्टर. अठरा वर्षं खाकी घालून शहापूर-मुरबाड करतेय, सापगाव, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, कुठल्या फाट्याला कोण उतरणार ते डोळे मिटून सांगते. आवाज ऐकताय ना माझा? हा बारीक लावलाय. मोठा लावला तर मागच्या शिटावर झोपेचं सोंग घेतलेला माणूस उठून तिकीट काढतो. आणि घर कसं आमचं? छप्पन सालापासून आमच्या घरात भूत या विषयाला बंदी! आमचे आजेसासरे, केरूबाबा, दीक्षा घेतली त्या दिवशी भूत, भगत, अंगारा, लिंबू, सगळ्यांना वेशीपर्यंत पोचवून आले, म्हणाले, 'जा बाबांनो, आता तुमची सोय दुसरीकडं बघा.' तेव्हापासून तीन पिढ्या या घरात कोणी कशाला भ्यायलं नाय. आणि अशा घरात माझी पोरगी निघाली श्वेता! वाशिंदला ऑफिसात कामाला, डोकं चांगलं, पगार चांगला, पण सुट्टी आली की मोबाईल घेऊन गोधडीत शिरणार आणि भुताचे पिक्चर लावणार. 'आई, घाबरायला मजा येते.' म्हटलं, घाबरायचंच असेल तर बाजाराच्या दिवशी माझ्याबरोबर ड्यूटीला ये की!

मग काय, बसते मी पण तिच्या शेजारी गोधडीत. आणि तुमाला सांगते, त्या भुताची भीती राहते बाजूला, माणसांचाच राग येतो मला! चार पोरं, दोन पोरी, गाडी जंगलात बंद. अरे, निघताना पेट्रोल बघितलंस? नाय बघितलं. मोबाईलला रेंज नाय. आता त्यात भूत कुठं आलं? आमच्या अर्ध्या तालुक्याला रेंज नाय, आमी काय किंचाळत फिरतो? टाकीवर चढतो, हात वर करतो, एक कांडी येते! पुढं रस्त्यात एक म्हातारा भेटणार, अंगावर घोंगडी, हातात कंदील... 'तिकडे... जाऊ... नका...' आता एवढा वयस्कर माणूस सांगतोय, तर विचार ना, का बाबा, दुसरा रस्ता कुठला? नाय! दात काढतात आणि तिकडंच जातात! मग बंगला, मग दार आपोआप कर्रर्र... अरे, बिजागरीला तेल नाय, एवढाच त्याचा अर्थ! आत शिरले की लाइट गेली, आणि त्यातला एक शहाणा म्हणणार, 'आपण वेगवेगळे होऊन शोधू या.' मी ताडकन गोधडीत उठून बसते! मेल्या, चव्वेचाळीस शिटांच्या गाडीत मी ऐंशी माणसं नेते, कोंबड्या वेगळ्या, आजपर्यंत एक हरवला नाय, कारण सगळे एकमेकांना चिकटून असतात! आणि तुमी सहा टाळकी, वेगवेगळे होता? आणि ती हिरोइन! शिकलेली बाई, पण लाइटचं बटण दाराशेजारी असतं ते दाबणार नाय, अंधारात एकटी पुढं पुढं जाणार आणि हळूच विचारणार, 'कोण आहे?' कोण असणार गो? वायरमन? आणि मग येते ती, केस मोकळे, पाय उलटे, आणि अंगावर काय? पांढरी साडी! ठरवलं कोणी हे?

बरं, राग राग करते पण सांगते, त्या किंकाळ्यांची मला सवय झालीवती हो. गेल्या वर्षी त्या बंद झाल्या तेव्हा कळलं. श्वेताचं लग्न ठरलंवतं कसाऱ्याकडच्या मुलाशी. साखरपुड्याला माणसं आली, खुर्च्या मांडल्या, आणि मुलाच्या आईला नेमकी बिनहाताची खुर्ची गेली! मंडपवाल्याकडं हाताच्या खुर्च्या कमी पडल्या, त्यात आमचा काय गुन्हा? पण बाई उठली. 'आमची किंमत कळली,' म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली. एका खुर्चीवरून लग्न मोडलं! श्वेता रडली नाय, बोलली नाय, पण त्यानंतर तीन महिने तिनं एक भुताचा पिक्चर लावला नाय. घर कसं गप्प झालं. मी ड्यूटीवरून यायची आणि वाटायचं, एक किंकाळी ऐकू येऊ दे गो, एक दार वाजू दे... तेव्हाच ठरवलं मनात, परत जुळू दे, या वेळेला मुलाच्या आईचा मान म्हंजे मान. ती म्हणेल ते. ती म्हणेल तिथं. डोक्यावर उभी राहा म्हणाली तर चप्पल काढून राहीन.

आणि जुळलं हो! इंद्रजीत, मुरबाडला कंपनीत आहे, सोन्यासारखा मुलगा. आणि त्याची आई सोनूबाई... तिच्याबद्दल मला चार फाट्यांवर चार जणांनी सांगितलं, 'तानी, बाई कडक हाय. एका लग्नात पंगतीला मीठ उशिरा आलं तर हात धुऊन उठली.' पण बोलणी करायला आल्या तेव्हा सोनूबाईंनी एकच अट घातली. 'विहीणबाय, मला देणं नको, घेणं नको. फक्त लग्न टायमात लागलं पायजे. आपल्यात मुहूर्त नसतो, पण टाइम असतो. पत्रिकेत साडेअकरा छापलं तर साडेअकरा. चुकलं तर मी कोणासाठी थांबणार नाय.' अहो, कंडक्टरला हे सांगता? मी तिथंच त्यांचा हात धरला. म्हटलं, 'विहीणबाय, साडेअकरा म्हंजे साडेअकरा. मी डबल घंटी मारली की गाडी सुटते.'

आणि नेमकं तेव्हाच आमच्या गावात भूत आलं.

म्हंजे शूटिंग! आमच्या गावामागं सागाच्या झाडीत मुंबईच्या कोणाचा तरी अर्धवट बांधून सोडलेला बंगला आहे, तो त्यांनी भाड्यानं घेतला. त्यांना हवा होता दोनशे वर्षांचा वाडा, आमच्याकडं सगळ्यात जुनं म्हंजे ग्रामपंचायतीचं कपाट. मग त्यांनी नवा बंगलाच जुना करायला घेतला. मशिनीनं कोळ्याची जाळी फवारली, भिंतीवर रंगानं भेगा काढल्या, धूळ... धूळ विकत आणली हो, पोत्यातनं! आमच्या गावात धूळ विकत! आता आमच्याच गावचा संदेश, मंडपाचं काम करतो, तो त्यांना गाड्या, माणसं, जेवण पुरवायचा. तो आदल्या दिवशी गावातल्या बायकांना एवढंच बोलून गेला, 'उद्या बंगल्यावर मोठे पाहुणे येतात, जरा लक्ष असू द्या.' संपलं! आमच्याकडं पाहुणे येतात म्हंजे काय करतात? झाडू घेऊन गेल्या सगळ्या! दोन तासात जाळी गायब, धूळ गायब, भेगांना चुना, दारात रांगोळी, बिजागऱ्यांना खोबरेल! सकाळी डायरेक्टर आले, दार ढकललं, आवाज नाय, आत सगळं लखलखीत... मटकन पायरीवरच बसले बिचारे. बायका म्हणतात, 'सर, चहा ठेवू?' परत आठ दिवस जाळी विणत बसले, म्हणून शूटिंग लांबलं, आणि लांबत लांबत कधीवर आलं? माझ्या श्वेताच्या लग्नाच्या दिवसावर!

मी संदेशला धरलाच. म्हटलं, 'संदेश, तुझी भुतं माझ्या मंडपात दिसली नाय पायजेत.' 'काकी, काय पण काय! भुतं बंगल्यावर, लग्न विहारासमोर, मधे दीड किलोमीटर. टेन्शन नका घेऊ.' टेन्शन नका घेऊ म्हणणारा माणूस दिसला की मी आता थेट टेन्शनच घेते.

लग्नाचा दिवस. एप्रिलचा शेवटचा रविवार, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. विहारासमोर मंडप, फुलं, मूर्तीपुढं मेणबत्त्या, बौद्धाचार्य साडेदहाला हजर, खुर्च्या मी स्वतः मोजल्या, दोनशे चाळीस, सगळ्या हाताच्या! श्वेता पांढऱ्या साडीत अशी दिसत होती... जाऊ दे, माझी पोरगी आहे, मी काय सांगू. अकराला नवरदेवाची गाडी आली, पुरुषमाणसं उतरली, मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं, बघते तर एकही बाई नाय! म्हटलं, 'विहीणबाय कुठायत?' इंद्रजीतचे वडील म्हणतात, 'बायका? त्या तर पुढच्या गाडीनं आल्या. दहालाच फाट्यावर उतरल्या ना!'

दहा! आणि वाजले किती? अकरा! एक तास माझी विहीण आणि एकवीस बायका माझ्या गावात आहेत आणि त्यांना कोणी साधं पाणी नाय विचारलं! श्वेताचे पप्पा पांढरेफटक. हळूच म्हणतात, 'रुसून परत तर नाय गेल्या?' फोन लावला, रेंज नाय. आणि खोलीच्या दारात श्वेता येऊन उभी. ती ओरडली नाय हो. मला एवढंच विचारलं, 'आई, या वेळेला काय कमी पडलं?'

तेवढ्यात फाट्यावरचा केळीवाला सांगत आला, 'बावीस पांढऱ्या साड्या ना? त्या तर एसी गाडीत बसून बंगल्याकडं गेल्या.'

झालं काय होतं, ते मला सोनूबाईंनी नंतर सांगितलं. शूटिंगवाल्यांनी कल्याणवरून बावीस बायका मागवल्यावत्या, पगारी भुतं! पांढऱ्या साडीत, बरोबर दहाला, आमच्या फाट्यावर. ती गाडी अडकली हायवेला. आणि फाट्यावर त्यांचा माणूस उभा, हातात वॉकीटॉकी, समोरून उतरल्या आमच्या बायका... पांढऱ्या साडीत, बरोबर दहाला, मोजून बावीस! 'आइये आइये मॅडम, इधर से! ठंडा पानी लो, नाश्ता गरम है!' आता मला सांगा, लग्नाला आलेल्या बाईनं काय समजायचं? सोनूबाई म्हणाल्या, 'विहीणबायनं काय सोय केलीय गो! माणूस ठेवलाय, एसी गाडी ठेवलीय!' तिथं गेल्या तर उपमा, इडली, आणि वर आरसा लावलेल्या खुर्च्या, मेकअपवाल्या पोरी. आजकाल लग्नात नवरीबरोबर विहिणीला पण मेकअप करून देतात, म्हणून सगळ्या ओळीनं बसल्या! तोंडाला पांढरा थर दिला, त्यांना वाटलं फाउंडेशन. डोळ्यांखाली काळं लावलं, वाटलं काजळ जरा सांडलं. दातांना काळं फासलं, वाटलं मिश्री. केस सोडले, वाटलं आता अंबाडा घालतील... तर मला सांगा, चूक कोणाची? पांढरी साडी म्हंजे भूत, हे ज्यानं ठरवलं त्याची!

मी निघाले. मंडपातली चार माणसं म्हणाली, 'आमी येतो बरोबर.' मी म्हटलं, 'नको, तुमी पाहुण्यांना बघा, मी एकटी जाते.' ऐकलंत? एकटी जाते! हे मी म्हटलं, मी! श्वेताची स्कूटी काढली, घाईत हातातला पाण्याचा तांब्या तसाच पायाशी ठेवला, सागाच्या झाडीपर्यंत गेले आणि फट् फट् फट्... बंद! पेट्रोल बघितलंवतं? नाय! फोन काढला, रेंज नाय! टाकी पण नाय चढायला. स्कूटी टाकली तिथंच, तांब्या घेतला, निऱ्या उचलल्या आणि चालायला लागले, तर वळणावर कोण उभं असेल? भर उन्हात, अंगावर घोंगडी, हातात पेटता कंदील, एक म्हातारा! नाटकात काम करणारा होता कुठला तरी, आपलं एकच वाक्य घोकत उभा. मला बघून चेव आला त्याला.

'बाई... तिकडे जाऊ नका...'

'बाबा, माझी विहीण गेलीय तिकडं.'

'तिकडे गेलेलं... कोणी परत येत नाही...'

'अहो, असं नका बोलू, साडेअकराला लग्न आहे!'

त्यानं कंदील खाली घेतला. घाम पुसला आणि साध्या आवाजात म्हणतो, 'ताई, पाणी आहे का? सकाळपासून घोंगडीत उभा आहे, माझा नंबरच लागत नाही.' तांब्या हातातच होता माझ्या, दिला त्याला, आणि तोंड फिरवून तिकडंच गेले, जिकडं जाऊ नका म्हणाला!

बंगल्याच्या खिडक्यांना काळं कापड. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत मिट्ट काळोख, त्यांना रात्र हवी होती ना! दार ढकललं. आत कसलातरी धूर. हाताला लाइटचं बटण सापडेना... सापडेना हो खरंच! एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तुमाला सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडातनं, बारीक आवाजात, काय निघालं असेल?

'कोण आहे?'

आणि कोपऱ्यातनं बावीस तोंडं वळली. हळू... हळू... सगळी पांढरी, डोळ्यांचे खड्डे, केस मोकळे. मी परत सांगते, भूत नसतं. तीन पिढ्यांची शपथ, नसतं. पण एक सेकंद... एकच सेकंद... केरूबाबा, माफ करा. मग त्यातली मधली पुढं आली, काळेकुट्ट दात काढून हसली आणि म्हणाली, 'या गो विहीणबाय! नाश्ता केलात?'

आणि माझा जो राग, जी भीती, जी सकाळपासूनची धावपळ, सगळी एकदम वर आली, आणि अठरा वर्षांची सवय, वाक्य दुसरं सुचलंच नाय, मी सगळा जीव एकवटून ओरडले, 'उतरा खाली! सगळ्या उतरा! गाडी पुढं जाणार नाय!'

अहो, जिन्यावर ती हिरोइन उभी होती! सकाळपासून तिला सांगत होते म्हणे, घाबर, पळ, पड. जमतच नव्हतं. माझा आवाज ऐकला आणि अशी पळाली, अशी पळाली, दोन पायऱ्यांवर आपटली आणि मागच्या दारानं थेट भाताच्या खाचरात! अंधारातनं डायरेक्टर ओरडले, 'कट! कट! ओके!' आणि येऊन माझ्या पाया पडले. 'मावशी, हेच पाहिजे होतं! कुठे होतात तुम्ही?' म्हटलं, 'मंडपात होते मी! आणि ही माझी विहीण आहे, सोडा तिला!' तेवढ्यात संदेश धावत आला, काळं मांजर आणायला शहापूरला गेलावता, बगलेत मांजर, समोर सोनूबाई, आणि त्याचा चेहरा बघून ते मांजर पण घाबरलं. हात जोडून म्हणतो, 'काकी, आत्ता सोडतो सगळ्यांना, गाडी लावतो.'

आणि सोनूबाई काय म्हणाल्या असतील? 'थांब रे. माझा क्लोजअप राहिलाय.'

अकरा पस्तीस झालेवते! मी हात जोडले, 'विहीणबाय, टाइम... तुमीच म्हणालावतात, आपल्यात टाइम असतो...' 'होय गो, पण सर म्हणाले असा चेहरा दहा वर्षात बघितला नाय. आमच्याकडं कोणी बघितलंय का या चेहऱ्याकडं, कधी?' ओढून न्यावी तर मान गेला, नेऊ नये तर टाइम गेला. आणि एक खुर्ची चुकली तर लग्न मोडतं, हे मी बघितलेलं. गप एका पेटीवर बसले. बसले ती बसले!

एक टेक, दुसरा टेक, पाचवा टेक. डायरेक्टरांना हवा होता डोळ्यात राग, आणि सोनूबाई कॅमेरा बघितला की हसायच्या. शेवटी ते कंटाळून म्हणाले, 'मावशी, असं समजा, समोर तुमची सून उभी आहे. नको असलेली सून. बघा तिच्याकडे, खाऊ की गिळू!' सोनूबाईंनी डोळे वटारायला घेतले, घेतले... आणि मग मान हलवली. 'नाय जमत, सर. माझी सून चांगली आहे हो. तिच्याकडं असं कसं बघू?'

मी रडले. खरं सांगते, बारा वाजून वीस मिंटांनी, त्या विकतच्या धुळीत बसून, पदर तोंडात घालून रडले. इतके महिने मी ज्या बाईला भीत होते, ती काळे दात घेऊन समोर उभी होती आणि तिला माझ्या पोरीकडं रागानं बघता येत नव्हतं! मग मीच उठले आणि डायरेक्टरांना म्हटलं, 'सर, त्यांना सांगा, पंगतीला मीठ उशिरा आलं.' सांगितलं. एका टेकमध्ये ओके! कॅमेरावाला दोन पावलं मागं सरकला.

लग्न लागलं पावणेदोनला. तो रंग पाण्यानं जातच नव्हता, त्याचं तेल राहिलं कल्याणच्या गाडीत, त्यामुळे बावीस जणी तशाच आल्या. सागाच्या झाडीतनं ओळीनं बावीस पांढऱ्या साड्या, केस मोकळे, मंडपातली दोनशे माणसं खुर्च्यांवर उभी, हाताच्या खुर्च्यांवर! बौद्धाचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, 'त्रिशरण घेऊ या, सगळ्यांनीच.' आणि श्वेता हसत होती हो! वर्षात पहिल्यांदा पोट धरून हसत होती. माझ्या कानात म्हणाली, 'आई, एवढी भारी एंट्री मी एका पण पिक्चरमध्ये बघितली नाय.' फोटो बघा कधी घरी येऊन. नवरा, नवरी, आणि मागं काळे दात दाखवत माझी विहीण. माझ्या लेकीचं लग्न लागलं, मोडलं नाय, सासू प्रेमाची मिळाली. मला वाटलं, संपलं. इथंच मी चुकले!

आता गेल्या महिन्यात तो पिक्चर आला, मोबाईलवर येतात तसा. सोनूबाईंनी सगळी आळी जमवली, पडदा लावला, भजी काढली, मला खास गाडी पाठवून बोलावलं, पहिल्या रांगेत शेजारी बसवलं. 'बघा आता, विहीणबाय, माझा क्लोजअप.' पिक्चर सुरू. गाडी बंद पडली, रेंज गेली, म्हातारा आला, तिकडे जाऊ नका, सगळं तसंच्या तसं. सोनूबाईंचा पत्ता नाय. अर्धा झाला, पत्ता नाय. एका ठिकाणी पडद्यामागनं कोणाचं तरी कोपर आलं, बाई किंचाळल्या, 'मी! मी ती!' तोवर कोपर गेलं. सात टेक, एक दुपार, माझ्या पोरीच्या लग्नाचे सव्वादोन तास... सगळं कापलं! आणि ठेवलं काय? मला! दार उघडतं, पांढऱ्या साडीत मी, डोळे लाल, आणि आवाज, 'उतरा खाली!' एकदा नाय, तीनदा दाखवलं! सुरुवातीला, मधे, आणि शेवटी सगळे वाचले असं वाटतं तेव्हा परत मी! पिक्चरखाली लोकांनी काय काय लिहिलंय, म्हणे 'उतरा खाली' मधे जाम खोल अर्थ आहे, माणसानं अहंकारातून खाली उतरावं असं ते भूत सांगतंय. अहो, कसला अहंकार, मी बायकांना लग्नाला नेत होते! आता माझ्या गाडीत मी 'सरळगाव, उतरा खाली' म्हटलं की मुरबाडचं तिकीट असलेले पण उतरतात.

आणि पिक्चर संपला तेव्हा त्या आळीत भजीची ताटं तशीच. सोनूबाई उठल्या. माझ्याकडं बघितलं... आणि तुमाला सांगते, तो डायरेक्टर जो राग शोधत होता ना, दुपारभर, तो आत्ता दिसला! हात धुतला आणि आत गेल्या.

तेव्हापासून रुसल्यात! श्वेताशी गोड, सुनेचे लाड, माझ्याशी अबोला. लग्नात नाय रुसली, खुर्चीवरून नाय, टायमावरून नाय, आणि रुसली कशावरून, तर भुताचं काम मला मिळालं म्हणून! परवा इंद्रजीत हळूच म्हणाला, 'आई म्हणते, एकदा माझं तोंड पडद्यावर आणा म्हणावं, मग बोलेन.' मग काय करणार? मुलीकडची आहे मी. छप्पन सालापासून ज्या घरात भूत शब्द काढला नाय, त्या घरातनं मी दर रविवारी, साप्ताहिक सुट्टीला, टाकीवर चढते, एक हात वर करते, एक कांडी आली की डायरेक्टरांना फोन लावते...

'हॅलो सर, जयभीम. तानी बोलते. काय नाय, सहज... भूत लागतंय का कुठं? आमची विहीण आहे, चांगली अनुभवी. पैसे नकोत हो... आणि साडीची चिंता करू नका, पांढरी आमच्याकडं इस्त्री करून ठेवलेलीच आहे.'